ओपन स्टुडिओ ठेवताय? मग चित्रं लावायच्या आधी एवढं बघून घ्या

स्टुडिओ एक दिवस सगळ्यांसाठी उघडा ठेवायचा ठरलं की आपल्या कोल्हापुरात पहिलं भांडण होतं ते कुठलं चित्र कुठल्या भिंतीवर लावायचं यावरून, दुसरं चहा कोण करणार यावरून, आणि सेफ्टीचा विषय कुणी काढलाच तर "काय होत नाय भावा, इतकी वर्षं इथंच काम करतोय की" म्हणून तो तिथंच मिटतो. आता हे खोटं पण नाही, तुम्हाला खरंच काही होत नाही, कारण खोलीतली प्रत्येक गोष्ट तुमच्या अंगवळणी पडलेली असते. खिडकीतल्या पाण्याच्या बाटलीत ऑइल कलर पातळ करायचं टर्पेंटाइन आहे, जिन्याची तिसरी पायरी हलते, कोपऱ्यातल्या बोर्डाचं वरचं बटण दाबायचं नसतं, हे सगळं तुम्हाला झोपेत पण आठवतं. येणाऱ्याला यातलं काहीच माहिती नसतं, आणि त्याच्यासोबत पाच वर्षांचं पोरगं असलं तर त्याला सगळ्याच बाटल्या उघडून बघायच्या असतात.

तेव्हा पुढचं सगळं या एका हिशोबानं वाचा की खोली लावायची ती ज्याला काहीच ठाऊक नाही त्याच्यासाठी. मग कार्यक्रम तालमीच्या हॉलमध्ये असो, चार-पाच जणांनी मिळून भाड्यानं घेतलेल्या गाळ्यात असो नाहीतर पेठेतल्या जुन्या घराच्या माडीवर.

त्या दिवशी काय करायचं नाही ते आधी ठरवा

बहुतेक मंडळी ग्लोव्हज आणि मास्क विकत आणण्यापासून सुरुवात करतात. मला ते उलटं वाटतं. आधी कागद घ्या आणि त्या दिवशी लोकांसमोर कुठली कामं अजिबात करायची नाहीत त्याची यादी करा, अर्धा धोका तिथंच कमी होतो आणि एक रुपया पण लागत नाही.

वॉटर कलर, चारकोल, पेस्टल, ॲक्रिलिक, शाडूची माती, लिनो हे बिनधास्त ठेवा (लिनो म्हणजे पात्यानं कोरून छाप काढायची शीट, त्याबद्दल पुढं लिहिलंय). पण रेझिन, स्प्रे पेंट, ॲसिडनं प्लेट खोदणं, थिनरवालं स्क्रीन प्रिंटिंग आणि वेल्डिंग गर्दीत नको. लोकांना प्रोसेस बघायचीच असेल तर आधीच मोबाईलवर व्हिडिओ काढून तो टीव्हीवर लावा आणि शेजारी अर्धवट झालेली प्लेट, पूर्ण झालेली प्लेट आणि प्रिंट मांडा, खरं तर गर्दीत मागं उभ्या असलेल्याला असंच जास्त नीट दिसतं.

रेझिनचं सध्या फार वेड आहे, घड्याळं, ट्रे, की-चेन, म्हणून थोडं सांगतो. इपॉक्सी रेझिन आणि त्याला घट्ट करणारं हार्डनर अंगाला लागत राहिलं तर कातडीला ॲलर्जी बसू शकते, आणि ती एकदा बसली की पुढं थोडंसं लागलं तरी खाज, पुरळ, सूज, म्हणजे काहींना तो उद्योगच बंद करावा लागतो. त्याला साधे रबरी लेटेक्स ग्लोव्हज पुरत नाहीत, नायट्राइलचे लागतात. शिवाय मिसळलेलं रेझिन कपात जास्त जाडीनं तसंच ठेवलं की ते आपोआप तापतं, धूर यायला लागतो, प्लॅस्टिकचा कप मऊ पडतो. दहा जण टेबलाभोवती आणि मध्ये तो धुराचा कप, कशाला पाहिजे?

स्प्रेच्या बऱ्याच डब्यांत रंग बाहेर ढकलायला भरलेला गॅस स्वयंपाकाच्या गॅससारखाच पेट घेणारा असतो. चारकोलवर मारायचं फिक्सेटिव्ह पण त्यातच आलं. ते आदल्या दिवशी परड्यात उघड्यावर मारून वाळवून ठेवा.

आणि एक गोष्ट जी लोकांना खेळासारखी वाटते, ती म्हणजे पीओपीत (प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये) हाताचा ठसा. "बाळाच्या हाताचा ठसा घ्या" असे स्टॉल मी बघितलेत. पीओपी घट्ट होताना तापतं, मोठा गोळा असला तर साधारण ६० अंशांपर्यंत जाऊ शकतं, आणि तोवर ते कडक झालेलं असतं म्हणून हात बाहेर निघत नाही. इंग्लंडमध्ये २००७ साली एका शाळेत चित्रकलेच्या तासाला मुलीनं आपल्या हातांचा साचा करायला दोन्ही हात पीओपीच्या बादलीत घातले आणि तिची बहुतेक सगळी बोटं गेली. १६ वर्षांची होती. त्यामुळं पीओपीच्या बादलीत हात, पाय, बोट काहीच घालायचं नाही, गंमत म्हणून पण नाही. ठसा पाहिजेच असेल तर तो ओल्या शाडूत घ्या, हात बाहेर काढा, धुवा आणि मग त्या खळग्यात पीओपी ओता, ठसा तोच येतो.

टर्पेंटाइन, समई आणि चिंध्या

ऑइल कलरवाल्यांनी इथं जरा थांबून वाचा.

टर्पेंटाइनची वाफ पेट घेण्याइतकी व्हायला साधारण ३५ अंश तापमान लागतं. कोल्हापुरात एप्रिल-मेच्या दुपारी पारा ३८च्या आसपास जातो, आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याच्याही वर. म्हणजे उन्हाळ्यात दुपारी पत्र्याखाली टर्पेंटाइनचं उघडं भांडं ठेवलंय आणि जवळ ठिणगी पडली तर ते पेटायला पूर्ण तयार असतं. थिनरला तर ऊन पण लागत नाही, तो थंडीत पण पेटतो. आणि ही वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळं वर जात नाही, खाली फरशीवरनं पसरत जाते, म्हणून छताजवळ एक एक्झॉस्ट फॅन लावला आणि झालं असं समजू नका. समोरासमोरचं दार आणि खिडकी दोन्ही उघडी पाहिजेत, वारं आरपार गेलं पाहिजे. पावसाळ्यात झड आत येते म्हणून सगळं बंद करून घेतात, म्हणूनच जून ते सप्टेंबर ऑइलचा डेमो ठेवू नये असं माझं मत आहे. कोल्हापूरचा पाऊस काय असतो ते वेगळं सांगायला नको.

आता समईचं बोलू. कार्यक्रम म्हटला की दीपप्रज्वलन आलं, हार आला, उदबत्ती आली, आणि पाहुणे नेमके इझलच्या (चित्राच्या स्टँडच्या) शेजारी उभे राहून समई लावतात कारण फोटो तिथं छान येतो. समई बाहेर सोप्यात नाहीतर अंगणात लावा, फोटो तिथं पण येतो. उदबत्ती आणि कापूर पण बाहेरच. हे कुणाला वाईट वाटायचं कारण नाही, आमंत्रण देतानाच सांगून टाकायचं.

डेमोला टर्पेंटाइन लागतंच असेल तर झाकणाच्या छोट्या स्टीलच्या डब्यात अर्धी वाटी काढून घ्या, बाकीचा कॅन कुलपात. पाण्याच्या बाटलीत, चहाच्या कपात, सरबताच्या ग्लासात कधीही नको. डब्यावर मार्करनं मोठ्या अक्षरात मराठीत "टर्पेंटाइन, पिऊ नका" लिहा आणि लाल टेप गुंडाळा, म्हणजे वाचता न येणाऱ्या पोराला पण "लाल टेपला हात लावायचा नाही" एवढं सांगता येतं. कुणी चुकून प्यायलंच तर उलटी करायला लावू नका! मीठ-पाणी पाजणं, घशात बोटं घालणं हे आपल्याकडं लगेच सुरू होतं, पण उलटी होताना टर्पेंटाइन फुप्फुसात गेलं तर पोटात असताना झालं असतं त्याच्यापेक्षा वाईट होतं. बाटली किंवा डबा सोबत घ्या आणि सरळ दवाखाना गाठा, डॉक्टरला नेमकं काय गेलंय ते कळलं पाहिजे.

सर्जिकल मास्क किंवा एन-९५ लावला म्हणजे वास आत जात नाही हा पण एक मोठा गैरसमज. एन-९५ धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. वाफेसाठी वेगळा काट्रिजवाला मास्क येतो, आणि येणाऱ्या पन्नास जणांना तो देणं काही शक्य नाही, त्यामुळं परत तेच, वारं आणि कमी माल.

चिंध्यांबद्दल मात्र मी जरा हट्टी आहे. जवसाचं तेल वाळतं म्हणजे ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, आणि हे होताना उष्णता सुटते. कॅनव्हासवर पातळ थर असतो, उष्णता निघून जाते, कळत पण नाही. पण तेच तेल पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या पिशवीत कोंबली की आतली उष्णता बाहेर पडत नाही, वाढत जाते, आणि काही तासांनी ढीग आपला आपण पेट घेऊ शकतो, काडी नको, ठिणगी नको. म्हणजे कार्यक्रम संपला, सगळे जेवायला गेले, कुलूप लागलं, आणि मग. लाकूड पॉलिशला वापरलेल्या जवसाच्या तेलाच्या फडक्याचं पण तसंच. ॲक्रिलिकच्या फडक्याला हे होत नाही. उपाय अगदी स्वस्त आहे: पत्र्याचा डबा, त्यात फडकी बुडतील एवढं पाणी, वर घट्ट झाकण. नाहीतर एकेक फडकं सुटं करून बाहेर दोरीवर वाळत घाला, घडी न करता. जुन्या इमारतीतलं लाकूड, पडदे, कापड एकदा पेटलं की किती वेळ मिळतो हे कोल्हापूरकरांना सांगायची गरज नाही, ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळताना सगळ्यांनी बघितलंय.

धूळ आणि जुने रंग

शाडू ओली असते तोवर काही त्रास नाही. वाळल्यावर ती पायाखाली चुरते आणि कुणीतरी उत्साही कार्यकर्ता खराटा घेऊन झाडायला लागतो, तिथं गडबड होते. मातीच्या त्या बारीक धुळीत सिलिका असते, ती दिसत पण नाही, हवेत बराच वेळ तरंगते आणि रोज वर्षानुवर्षं छातीत गेली तर फुप्फुसं कायमची खराब करते. पाहुण्याचं एका दिवसात काही बिघडणार नाही, पण दम्याच्या पेशंटला तिथंच खोकल्याची उबळ येईल, आणि तुम्ही तर तिथं रोजच असता. झाडायचं नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं, टेबलावर गोणपाट किंवा जुनी चादर ओली करून अंथरली तर अजून चांगलं. वाळलेल्या मूर्तीला पॉलिश पेपर मारायचा डेमो ठेवू नका.

आपल्याकडं बऱ्याच घरांत आजोबांची नाहीतर गुरुजींची रंगाची पेटी जपून ठेवलेली असते, पुडीतले सुटे रंग, अर्ध्या ट्यूब, काचेच्या बाटल्या. दाखवायला फार सुंदर दिसतं, मान्य. पण जुन्या फ्लेक व्हाइटमध्ये आणि क्रोम यलोमध्ये शिसं असतं, अस्सल व्हर्मिलियनमध्ये पारा असतो, आणि अस्सल शेंदूर म्हणजे तर शिशाचीच पूड. काचेच्या कपाटात बंद ठेवून दाखवा, झाकण उघडून "वास घेऊन बघा" वगैरे नको. पोरांच्या टेबलावर फक्त पाण्यात धुतले जाणारे, लहान मुलांसाठी म्हणून विकले जाणारे रंग ठेवायचे, आणि मोठ्यांचं उरलेलं त्यात ओतायचं नाही. ब्रशला टोक काढायला तो ओठात धरायची सवय असेल तर त्या दिवशी तरी आवरा, समोरची पोरं लगेच तेच करतात.

हात थिनरनं धुवायचे नाहीत हे पण इथंच सांगून टाकतो. घरातलं गोडं तेल हातावर चोळा, फडक्यानं पुसा, मग साबण लावा, ऑइल कलर निघतो. (ते तेलाचं फडकं पण त्या पाण्याच्या डब्यातच टाका.)

लाइट, जिना, चपला

साध्या ६ अँपियरच्या एक्स्टेन्शन बोर्डावर २३० व्होल्टला जेमतेम १३८० वॉट चालतात. चित्रांवर ५०० वॉटचे दोन हॅलोजन लावले की १००० झाले. आता त्याच बोर्डाला कुणीतरी चहासाठी १५०० वॉटची किटली लावतं. वायर गरम होते, वास येतो, आणि ती वायर नेमकी मांडवाच्या कापडाखालनं किंवा सतरंजीखालनं गेलेली असते. एलईडी लावा, भार पण कमी आणि उष्णता पण. किटली वेगळ्या खोलीत, भिंतीतल्या पॉवर प्लगला. वायर सतरंजीखालनं न्यायची नाही, भिंतीकडेनं न्यायची, दार ओलांडावंच लागलं तर टेपनं पूर्ण चिकटवायची. हॉल भाड्यानं घेताना ईएलसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा खटका) आहे का विचारा आणि त्याचं टेस्टचं बटण दाबून बघा, खटका पडला तरच तो चालू. कौलातनं गळणारी जागा पाऊस पडतानाच कळते, त्यामुळं वायरिंग करणाऱ्याला गळती कुठं आहे ते आधी दाखवून ठेवा. भट्टीचा डेमो असेल तर तिला स्वतंत्र लाइन आणि चारही बाजूंनी दोरी, बाहेरनं गार दिसली तरी आत किती गरम आहे ते बघणाऱ्याला कळत नाही.

जुन्या घराची माडी हा आपल्या गावातला खास प्रश्न. जिना अरुंद, उभा, एका वेळी एकच माणूस. वर डेमो ठेवला की सगळी गर्दी एकाच जागी, एकाच तुळईवर गोळा होते. डेमो खाली ठेवा, वर फक्त चित्रं. जिन्याशी एक जण उभा करा, तो ठरलेल्या आकड्याच्या वर माणसं सोडणार नाही, मग वर जाणारा आमदार असू दे नाहीतर मामा. वयस्कर माणसांना जिना जमत नाही, वरची दोन-चार चांगली चित्रं त्या दिवसापुरती खाली आणली तर ते पण खूष.

आणि चपला. आपण दारात चपला काढतो, चांगली सवय आहे, पण दुपारी चारला दारात एवढा ढीग होतो की घाईनं बाहेर पडायचं म्हटलं तर पहिला माणूस तिथंच अडखळून पडणार आणि मागचे त्याच्यावर. त्यातून आत फरशीवर लिनोचे तुकडे, स्टेपलरच्या पिना, काचेचा चुरा. दारावर बोर्ड लावा, "चपला घालूनच आत या". लोकांना पहिल्यांदा अवघडल्यासारखं होतं, दोन जण तरी काढतातच, त्यांना हाक मारून परत घालायला सांगायचं. देवघर असलेल्या घरात हे जमत नसेल तर दारापासून लांब रॅक, आणि आत मोकळ्या पायानं चालायचा भाग ओल्या फडक्यानं नीट पुसलेला.

दुसरं दार असेल तर ते कॅनव्हास टेकवून बंद करू नका. गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या तर ॲम्ब्युलन्स येणार कुठून, म्हणून तालमीतल्या पोरांना आधीच सांगून एका बाजूचं पार्किंग बंद ठेवा. आपली पोरं हे काम फार मनापासून करतात, फक्त वेळेवर चहा पोचला पाहिजे.

लिनो आणि बाकी किरकोळ

लिनो कापताना दुसरा हात नेहमी पात्याच्या मागं. हे वाक्य टेबलावर लिहून ठेवा, तेवढ्यानं निम्मे कापे वाचतात. बोथट पातं जास्त लागतं कारण जोर लावावा लागतो आणि ते निसटतं. लिनो थोडा वेळ उन्हात ठेवला की मऊ होतो. टेबलावर एका वेळी चारच जण, मोठा माणूस शेजारी असल्याशिवाय पोरांच्या हातात पातं नाही, आणि हत्यारं मोजून द्यायची, मोजून परत घ्यायची. तुटलेली पाती पत्र्याच्या डब्यात टेप लावून, कचऱ्याच्या पिशवीत सुटी नकोत, सकाळी कचरा उचलणाऱ्या माणसाचा हात असतो त्यात.

बाटिकचं (कापडावरच्या रंगकामाचं) मेण थेट शेगडीवर तापवायचं नाही, पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून. पेटलंच तर पाणी टाकू नका, भडका उडतो, झाकण टाका आणि गॅस बंद करा.

खाणं-पिणं वेगळ्या खोलीत. भेळेचा कागद आणि पॅलेट एकाच टेबलावर नको.

काही झालंच तर

एका माणसाला फक्त याच कामावर ठेवा, तो चित्रं विकणार नाही, पाहुण्यांसोबत सेल्फी काढणार नाही. त्याच्याकडं प्रथमोपचाराचा डबा आणि भिंतीवर मोठ्या अक्षरात नंबर: ॲम्ब्युलन्स १०८, फायर ब्रिगेड १०१, बाकी कशालाही ११२. सीपीआर हॉस्पिटलला किंवा जवळच्या दवाखान्यात कुठल्या रस्त्यानं पटकन पोचता येतं ते त्यानं आधी एकदा जाऊन बघावं, कारण मिरवणूक किंवा बाजार असेल तर नेहमीचा रस्ता बंद असतो.

भाजलं तर वीस मिनिटं नळाचं साधं वाहतं पाणी, टूथपेस्ट, हळद, बर्फ काही नाही. डोळ्यात थिनर किंवा रंग गेला तर पंधरा-वीस मिनिटं पाण्यानं धुवत राहायचं, मग डॉक्टर. वासानं गरगरलं तर आधी मोकळ्या हवेत आणा. गरोदर बाईला ऑइलच्या खोलीत न्यायचंच नाही, बाहेरच चांगली खुर्ची द्या आणि चित्रं तिच्यापुढं आणा.

फायर सिलिंडर दाराजवळ पाहिजे, आतल्या कोपऱ्यात नको, नाहीतर तो आणायला आगीतनं जावं लागेल. काटा हिरव्यात आहे का आधी बघा. पिन ओढायची, नळी ज्वाळेवर न धरता आगीच्या बुडाला धरायची, दांडा दाबायचा आणि डावी-उजवीकडं फिरवायचं. आग टेबलापेक्षा मोठी झाली असेल तर नाद सोडा, माणसं बाहेर काढा आणि १०१ लावा. चित्रं परत काढता येतात.

संध्याकाळी आवरताना उरलेलं टर्पेंटाइन मोरीत ओतू नका, गटारातनं नाल्यात आणि नाल्यातनं पंचगंगेतच जाणार ते. झाकण लावून दोन दिवस ठेवा, रंगाचा गाळ खाली बसतो, वरचं स्वच्छ टर्पेंटाइन गाळून परत वापरता येतं, गाळ डब्यातच वाळवायचा. चिंध्यांचा पाण्याचा डबा रात्री स्टुडिओत ठेवून कुलूप लावू नका, अंगणात भिंतीपासून लांब ठेवा. आणि फायर सिलिंडर एक सेकंद जरी दाबला असेल, अगदी पोरांनी मस्तीत दाबला असेल तरी, तो परत भिंतीला टांगू नका. पावडर उरलेली असते पण प्रेशर हळूहळू निघून जातं, त्यामुळं दुसऱ्याच दिवशी रिफिलला द्या.